दरवर्षी छाटूनही रोझमेरी-लॅव्हेंडर खालून उघडंच राहतं: नेमकं कुठे चुकतं?

झुडूप लांबून बघितलं तर भरगच्च दिसतं. वर हिरवा घुमट, कडेने लोंबणारे शेंडे. पण दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या की आत नुसत्या काटक्या. करड्या, साल सुटलेल्या, पानाचा मागमूस नसलेल्या. जोराचा पाऊस-वारा झाला की त्या काटक्यांच्या टोकांवर लटकलेलं हिरवं ओझं बाहेर कलंडतं आणि मधोमध भगदाड पडतं. मग कात्री बाहेर येते, छाटणी होते. काही महिन्यांत पुन्हा तेच, आणि या खेपेला भगदाड आणखी मोठं.

रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज, थाइम, मरवा, तुळस, ज्यांनी ज्यांनी ही झुडपं तीन-चार वर्षं सांभाळली आहेत त्यांच्याकडून ही तक्रार हमखास येते. माझीही होती. त्याचं उत्तर शोधताना मी सहा वर्षांचं एक लॅव्हेंडर गमावलं. आतून पार काटक्या झाल्या होत्या म्हणून बुडापासून वीतभर ठेवून सगळं सपाट कापलं. मेंदीच्या कुंपणाला असं केलेलं पाहिलं होतं आणि ती किती जोमाने फुटते तेही पाहिलं होतं. लॅव्हेंडरच्या खुंटांवर चार महिने रोज सकाळी नजर टाकत राहिले. एक डोळा, म्हणजे फांदीवरचा झोपलेला कोंब, हलला नाही. पाचव्या महिन्यात साल सुरकुतली, खुंट हलवून पाहिला तर मुळांसकट वर आला.

त्या झाडाने मला शिकवलेला क्रम असा: आधी खालच्या भागात फुटवा आणायचा, तो तगला की मग त्याच्या वर कापायचं. पुढचं सगळं लिखाण या एका क्रमाबद्दलच आहे.

वर भादरलं तर उघडं, बुडातून कापलं तर मेलं

आपण बहुतेकजण दोनच प्रकारे छाटतो. एक, भीत भीत. कात्रीने शेंडे तेवढे सारखे करायचे, झुडूप गोलमटोल दिसायला लागलं की झालं. दुसरा प्रकार, वैतागून. सगळंच खाली आणायचं.

पहिल्या प्रकारात काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण दरवर्षी येणाऱ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं. ते फांदीतून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा उडवला की हा दाब सुटतो आणि डोळे जागे होतात. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण जागे होतात ते मुख्यतः कापाच्या लगेच खालच्या दोन-तीन पेरांवरचे (पेर म्हणजे जिथून पानं निघतात ती गाठ). एकदा ते फुटले की त्यांचे नवे शेंडे पुन्हा ऑक्सिन बनवायला लागतात आणि त्यांच्या खालचे सगळे पुन्हा झोपतात.

म्हणजे दरवर्षी त्याच उंचीवर शेंडे भादरले तर प्रत्येक टोकाला एकाच्या जागी तीन-चार फुटवे येतात. वरचं हिरवं कवच जाड होत जातं. त्या कवचाखाली ऊन पोचत नाही. ऊन न मिळालेलं पान झाड फार दिवस पोसत नाही, गाळून टाकतं. पान गळालं तरी त्याच्या बगलेतला डोळा काही काळ असतो, पण फांदी जाडजूड होऊन तिच्यावर खडबडीत साल चढत गेली की या झुडपांत ते डोळे बहुतेक मरून जातात. दरवर्षी हिरव्याची खालची सीमा बोटभर-दोन बोटं वर सरकते. पाच वर्षांत ती एवढी वर जाते की कुठेही कापलं तरी एकतर नुसता शेंडा जातो, नाहीतर कात्री थेट मेलेल्या लाकडावर पडते. मधली जागाच उरत नाही.

दुसऱ्या प्रकाराचं माझ्या लॅव्हेंडरवरून कळलंच. जुन्या लाकडात फुटायला डोळे नाहीत, आणि अन्न बनवायला एकही पान शिल्लक नाही. मुळांतला साठा संपेपर्यंत खुंट जिवंत दिसतो, एवढंच.

कापण्याआधी फांदी वाचायची

एक फांदी हातात धरा आणि शेंड्यापासून बुडाकडे बोट सरकवत या. यातली बहुतेक झुडपं तुळशीच्या कुळातली. कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते, कडा जाणवतात. पानं समोरासमोर जोडीने. हा पहिला भाग, लवचिक आणि हिरवा.

थोडं खाली आलात की फांदी गोलसर आणि ताठ व्हायला लागते. रंग हिरव्यावरून तपकिरीकडे झुकतो, पण पानं अजून आहेत, निदान पानांच्या बगलेत बारीक झुपके आहेत. हा दुसरा भाग. कात्रीसाठी सगळ्यात मोलाची जागा हीच.

आणखी खाली तिसरा भाग. साल उभी चिरलेली, सालपटं सुटणारी. पानं होती तिथे आता नुसती आडवी वळं. हे जुनं लाकूड.

इथे लोक नखाने ओरखडून बघतात आणि आतून हिरवं निघालं की निर्धास्त होऊन कापतात. ही चाचणी मीही करते, पण ती काय सांगते ते नीट समजून घ्यायला हवं. सालीखाली हिरवट ओला थर निघाला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा निघाला तर मेली आहे, ती कधीही काढा. मात्र जिवंत असणं वेगळं आणि फुटण्याजोगी असणं वेगळं. माझ्या लॅव्हेंडरचे खुंट कापले त्या दिवशी ओरखडले असते तर हिरवेच निघाले असते.

म्हणून ओरखडा काढून झाला की त्या वळांवर डोळा शोधा. सकाळच्या तिरप्या उन्हात, जमलं तर भिंग घेऊन. लॅव्हेंडरच्या बुडाकडच्या फांद्यांवर कधी कधी टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी-हिरवे ठिपके दिसतात, किंचित लव असलेले. लांबून ते बुरशीच्या कणांसारखे वाटतात. बोट फिरवलं तर निघून येत नाहीत, चिकटलेले असतात. हेच डोळे. जिथे हे दिसतील तिथे आशा आहे. वरच्या कवचामुळे ते वाट बघत थांबलेले असतात. जिथे बुडापर्यंत एकही दिसत नाही, तिथे त्या फांदीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

सगळी झुडपं एका कात्रीची नाहीत

अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता, मेंदी ही जुन्या लाकडातूनही फुटणारी मंडळी. अडुळसा गुडघ्याएवढा ठेवून कापला तरी चारी बाजूंनी पालवतो. यांच्यावर हात बसलेला माणूस रोझमेरीकडे वळला की गफलत होते. कुळावरूनही अंदाज बांधता येत नाही, कारण निर्गुडी आता तुळशीच्याच कुळात धरली जाते आणि तरी बिनधास्त फुटते.

लेमन वर्बेनाही जुन्या लाकडातून चांगलं फुटतं. थंडीत ते पानं गाळून काटक्यांसारखं उभं राहतं. नवी पालवी धरू लागली की चांगलं खाली आणलेलं त्याला मानवतं. उशिरा पालवतं म्हणून मेलं समजून उपटू नका. तिथे मात्र नखाचा ओरखडा उपयोगी पडतो. ओरेगॅनो आणि त्याचे भाऊबंद जमिनीलगतच्या कोंबांतून येतात, त्यांच्या जुन्या काड्या बुडापासून काढल्या तरी चालतात. मरवा बुडाशी लाकूड धरतो, म्हणून त्याच्या प्रत्येक काडीवर थोडी पानं राखायची.

सेज मधल्या स्वभावाचं. बुडाकडे बारीक डोळे दिसत असतील तर तिथवर कापलेलं सोसतं, नसतील तर हट्ट करत नाही, वाळून जातं. गंमत अशी की २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीला सेजच्याच प्रजातीत, साल्व्हियात, नेऊन बसवलं. नात्याने इतकी जवळ असूनही रोझमेरीचं जुनं लाकूड सेजपेक्षा कितीतरी हट्टी.

लॅव्हेंडरमध्येही फरक आहे. बारीक पानांचं, सरळ दांड्यावर कणसासारखी फुलं येणारं जे नेहमीचं लॅव्हेंडर, ते हिरव्याच्या खालच्या सीमेपर्यंत आणलेलं सोसतं. फुलाच्या डोक्यावर सशाच्या कानांसारखे तुरे असलेलं लॅव्हेंडर त्याहून नाजूक. त्याला प्रत्येक बहरानंतर हलकीच छाटणी द्यायची.

तुळशीचं गणित बरंचसं मंजिऱ्यांवर चालतं. मंजिऱ्या पिकू दिल्या की झाडाचं सगळं बळ बियांकडे जातं, पानं बारीक होत जातात, खोड लाकूड धरतं. कापताना प्रत्येक फांदीवर पानांची निदान एक-दोन जोड्या राखल्या तर ती छान फुटते. अगदी उघड्या लाकडावर आली तर तिच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा बी पेरून नवं रोप तयार ठेवलेलं बरं.

आतून उघडं झालेलं झुडूप खाली कसं आणायचं

आता मुख्य काम. हे एका दिवसात होत नाही. माझ्या अंदाजाने दोन ते तीन हंगाम धरावेत. घाई असेल तर ‘नवं रोप करणं’ हा पुढचा भाग आधी वाचा.

पहिल्या खेपेला उद्देश एकच, आत ऊन पोचवणं. उंची कमी करायचा विचारच मनात आणायचा नाही. सगळ्यात आधी मेलेल्या फांद्या बुडापासून काढा, त्यांचा ना झाडाला उपयोग ना तुम्हाला. मग एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी एक. त्यानंतर वरच्या कवचाला झरोके पाडायचे. पूर्ण घुमट सारखा कापायचा नाही. दाट झुपक्यातली एक-एक फांदी निवडून, ती जिथे दुसऱ्या पानदार फांदीतून निघते तिथवर मागे आणायची. काम झाल्यावर झुडूप थोडं विस्कटलेलं दिसतं. दिसू द्या. वरून खाली बघितलं तर बुडाशी उन्हाचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत, छाटणी पुरेशी झाली की नाही हे मी त्यावरूनच ठरवते.

एका खेपेत एकूण हिरव्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढायचा नाही. हा आकडा बागकामात सगळीकडे ऐकू येतो आणि या झुडपांबाबत तो खरंच पाळण्यासारखा आहे, कारण यांचं भांडवल सगळं पानांत असतं.

मग थांबायचं. सहा ते आठ आठवडे तरी. याच काळात बुडाकडे बघत राहायचं. ऊन पोचलं, वरचा दाब कमी झाला की ते टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके फुगायला लागतात. आधी दोन इवली पानं हात जोडल्यासारखी बाहेर येतात. त्यांना लगेच हात लावायचा नाही. हा फुटवा चार-पाच सेंटिमीटरचा होऊन त्यावर पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की समजायचं की आता तो आपल्या पायावर उभा आहे.

तेव्हा दुसरी खेप. ज्या जुन्या फांदीवर असा फुटवा आलाय, ती फांदी त्या फुटव्याच्या थोडं वर कापायची. एका हंगामात एकूण जुन्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांशच. बाकीच्या तशाच उभ्या ठेवायच्या, त्यांची पानं तोवर मुळांना पोसतात. पुढच्या हंगामात आणखी एक तृतीयांश. ज्या फांदीवर खाली काहीच फुटलं नाही ती शेवटी राखायची, आणि नव्या फुटव्यांनी झुडूप भरलं की बुडापासून काढून टाकायची.

माझ्याकडची रोझमेरी कमरेएवढी झाली होती आणि गुडघ्यापर्यंत तिला एक पान नव्हतं. अकरा जाड फांद्या मोजल्या. पहिल्या खेपेनंतर सात आठवड्यांनी त्यातल्या चार फांद्यांवर बुडाशी फुटवे आले. तीन फांद्यांवर आलेच नाहीत, त्या आतून वाळलेल्या निघाल्या. उरलेल्या चार फांद्यांनी दुसऱ्या हंगामापर्यंत वाट बघायला लावली. तोपर्यंत रोझमेरी दिसायला फारशी बरी नव्हती. एका बाजूला नवा हिरवा गुच्छ, दुसऱ्या बाजूला जुने उंच सोट. दोनदा तर सगळं उपटून टाकायचं मनात आलं होतं.

फांदी लवचिक असेल तर आणखी एक उपाय आहे. ती हलक्या हाताने आडवी वाकवून दोरीने बांधून ठेवायची. आडव्या फांदीत शेंड्याचा दाब ढिला पडतो आणि तिच्या पाठीवरचे डोळे उठतात. जुन्या लाकडाला वाकवायला जाऊ नका, ते कटकन मोडतं आणि साल बुडापर्यंत फाटत जाते.

कधी कापायचं

बहर संपला की, हा ढोबळ नियम रोझमेरी, लॅव्हेंडर आणि थाइमला लागू पडतो. बहराच्या आधी कापलं तर फुलं जातात, एवढंच नुकसान. खरा धोका वेगळा. छाटणीनंतर येणारी पालवी कोवळी असते आणि तिला पिकायला वेळ लागतो. जिथे थंडीत हिम पडतं तिथे पहिल्या हिमाआधी सहा ते आठ आठवडे हातात असतील तरच कापा, नाहीतर ती पालवी काळी पडते आणि तिच्यासोबत फांदीही. तिथे जोरदार छाटणीसाठी थंडी सरून नवी पालवी सुरू होण्याची वेळ जास्त सुरक्षित. सेजसाठी तर सगळीकडेच मी तीच वेळ धरेन.

जिथे हिम पडत नाही तिथे दोन काळ टाळायचे. एक, कडक उन्हाचा. आतली पानं सावलीला सरावलेली असतात, एकाएकी उघडी पडली की करपतात. दुसरा, झड लागलेल्या पावसाचा. ताजे काप दिवसचे दिवस ओले राहिले की बुरशी आत शिरते. या दोन्हींच्या मधले कोरडे, सौम्य दिवस निवडा, आणि शक्यतो सकाळी दव उडाल्यावर कापा म्हणजे संध्याकाळपर्यंत काप सुकतात.

मेलेली किंवा मोडलेली फांदी काढायला मुहूर्त बघायची गरज नाही.

कात्री आणि काप

कात्री दोन पाती एकमेकांवरून सरकणारी हवी. एक पातं सपाट पट्टीवर दाबलं जातं ती कात्री जिवंत फांदी चिरडते, वाळलेल्या लाकडाला ती ठीक. धार चांगली असेल तर काप गुळगुळीत येतो आणि साल सुटत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ७० टक्के अल्कोहोलने पाती पुसायची.

काप पेराच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर. जास्त लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळणं खाली उतरत जातं. फार चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. गुलाबाला तिरपा काप देतात म्हणून अनेकजण इथेही तिरपा देतात. पण यांचे डोळे समोरासमोर असतात, तिरप्या कापात एका बाजूचा डोळा कापला जातो. तेव्हा सरळ आडवा काप. एवढ्या बारीक फांद्यांना वर लेप वगैरे लावायची गरज पडत नाही.

कुंपण कापायची मोठी कात्री किंवा यंत्र फक्त ज्या झुडपाचं बूड आधीच हिरवं आहे त्यावर. आतून उघड्या झुडपावर ते वापरलं की तेच जाड कवच पुन्हा तयार होतं.

छाटणीनंतर काही बिघडलं तर

सगळ्यात जास्त झाडं छाटणीने मरत नाहीत, छाटणीनंतरच्या प्रेमाने मरतात. पानं कमी झाली म्हणजे झाड पाणी कमी ओढतं. आपण मात्र त्याला त्रास झाला म्हणून रोज पाणी घालतो. माती ओली राहते, मुळं गुदमरून कुजतात. पानं मलूल, राखाडी दिसताहेत आणि बोट मातीत दोन पेरं खुपसलं तर ओल लागतेय, असं असेल तर पाणी ताबडतोब बंद. कुंडीत असेल तर गठ्ठा अलगद बाहेर काढून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरट आणि चिवट. कुजलेली तपकिरी, मऊ, ओढली की सालपट हातात येतं आणि आत दोरा राहतो. थोडीच कुजली असतील तर ती कापून, भरपूर वाळू किंवा बारीक खडी घातलेल्या कोरड्या मिश्रणात लावा आणि कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते बघा.

फुटवे आले पण लांबलचक, फिकट, दोन पेरांत खूप अंतर? एकतर ऊन कमी पडतंय, नाहीतर खत जास्त झालंय. छाटणीनंतर नत्राचं खत घालायचा मोह होतो, तो आवरा. ही झुडपं हलक्या, निचऱ्याच्या, फारशा कसदार नसलेल्या मातीतच गच्च वाढतात. असे लांब फुटवे अर्ध्यावर खुडा आणि झाड उन्हात सरकवा.

एकच फांदी वरून खाली वाळत चाललीय असं दिसलं तर वाळलेल्या भागाच्या खाली, लाकूड आतून स्वच्छ फिकट दिसेपर्यंत, थोडं थोडं कापत या. आतल्या लाकडात तपकिरी पट्टा दिसत राहिला तर ती फांदी बुडापासून काढा आणि प्रत्येक कापानंतर पाती पुसा.

एकाच बाजूला फुटवे आले असतील तर बहुधा दुसरी बाजू भिंतीकडे किंवा सावलीकडे आहे. कुंडी दर पंधरा दिवसांनी पाव वळसा फिरवली की पुरे.

आणि आठ आठवडे झाले, काहीच फुटलं नाही, पण वरची पानं टवटवीत आहेत? तर काळजीचं कारण नाही. दुसरी खेप करू नका, एवढंच. पुढच्या पालवीच्या हंगामापर्यंत थांबा. माझ्या चार फांद्यांनी असंच केलं होतं.

नवं रोप करणं

काही झुडपं परत येत नाहीत. बुडापर्यंत एकही डोळा नाही, निम्म्याहून जास्त फांद्या मेलेल्या, खोड मधोमध फाटलेलं, अशा वेळी दोन-तीन हंगाम वाट बघण्यात अर्थ नाही. सेज चार-पाच वर्षांत आणि थाइम त्याहूनही लवकर थकतं, तो त्यांचा स्वभावच आहे. म्हणून मी तर आता पहिल्या छाटणीच्या दिवशीच, काढलेल्या शेंड्यांतून चार-सहा काड्या बाजूला काढून लावते. जुनं तगलं तर बरंच, नाही तगलं तरी त्याचंच रोप हाताशी असतं.

काडी आठ ते दहा सेंटिमीटरची, फूल किंवा कळी नसलेली, वरून कोवळी आणि बुडाशी नुकती ताठ होऊ लागलेली. पेराच्या लगेच खाली कापायची. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढताना ओरबाडू नका, साल सोलवटते. कात्रीच्या टोकाने काढा. निम्मी वाळू असलेल्या ओलसर मिश्रणात खोचून उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवली की रोझमेरी, लॅव्हेंडर साधारण चार ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघितलं आणि काडी अडली की मुळं आली. तुळशीची फांदी नुसत्या पाण्यातही मुळं धरते.

जुन्या झुडपाची एखादी फांदी जमिनीला टेकत असेल तर दाब कलम त्याहून सोपं. फांदीची खालची साल थोडी खरवडायची, तारेच्या आकड्याने मातीत दाबायची, वर माती टाकायची आणि शेंडा बाहेर मोकळा ठेवायचा. काही महिन्यांत तिथे मुळं येतात, तोवर आईझाड तिला पोसत असतं. थाइम तर हे आपणहून करतं. मधोमध उघडं पडलेल्या थाइमवर वाळूमिश्रित माती अशी ओतायची की फक्त हिरवे शेंडे वर दिसतील. पुरलेल्या काड्यांना एका हंगामात मुळं फुटतात, मग एकेक मुळासकट काढून नव्या जागी लावता येते.

पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून

नव्या रोपाची पहिली दोन वर्षं फार महत्त्वाची. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. जे फुटवे येतील ते बोटभर झाले की त्यांचेही शेंडे खुडायचे. जीवावर येतं, कारण रोप उंच व्हावं असं आपल्याला वाटत असतं. पण बुडाशी जेवढ्या फांद्या पहिल्या वर्षी तयार होतील तेवढ्याच जन्मभर कामाला येणार असतात. त्यानंतर दरवर्षी बहर झाला की फक्त फुलांचे दांडे न काढता त्यांच्या खालच्या पानदार भागातलाही थोडा हिस्सा घ्यायचा, हिरव्याच्या खालच्या सीमेच्या दोन-तीन सेंटिमीटर वरपर्यंत. आणि दरवर्षी एक-दोन फांद्या मुद्दाम बाकीच्यांपेक्षा खोल कापायच्या, म्हणजे आतला उजेड कधी बंद होत नाही.

पानं खुडण्याची सवयही तपासा. वापरायला पानं हवी असली की अनेकजण फांदी चिमटीत धरून वरून खाली पानं ओढून घेतात आणि शेंडा तसाच ठेवतात. बगलेतले कोवळे डोळे त्या ओढण्यात पानांबरोबर निघून येतात. झुडूप खालून उघडं होण्यात या सवयीचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा दोष बिचाऱ्या झाडाला लागतो. पानं हवी असतील तेव्हा पूर्ण शेंडा पानांच्या एका जोडीच्या वर कापून घ्या, आणि प्रत्येक वेळी दाटीतला घ्या.

माझ्या रोझमेरीची आता एकच जुनी फांदी उरली आहे, बाकीचं झुडूप मांडीएवढं, बुडापासून हिरवं. या फांदीवर गेल्या आठवड्यात जमिनीपासून चार बोटं वर एक फुटवा दिसला, दोनच पानांचा. त्यावर पानांच्या चार जोड्या झाल्या की कापेन.